परत मागितलेले वाण

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत कारखानिसांच्या घरचे हळदीकुंकू मानाचे समजले जाई. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला कुंदाताईंनी इमारतीतल्या साऱ्या विधवांना बोलावले, आपल्या हाताने त्यांना कुंकू लावले आणि ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांना तीळगुळाबरोबर चार शब्दही ऐकवले. स्वयंपाकाला येणारी मालन, तीही नवऱ्यामागे एकटीच, त्या वर्षापासून इतर बायकांच्या बरोबरीने सोफ्यावर बसत आली होती.

यंदाच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालनने कणीक मळता मळता विचारले, "ताई, अकराला जरा बँकेत जाऊन येऊ का? ठेव मोडायची आहे."

"कुठली ठेव? प्रांजलच्या नर्सिंगची?"

"तीच. लेकीसाठी साठवलेले दोन लाख आहेत. म्हटलं, तुमच्या वाणातच घालावेत."

कुंदाताईंना काही उमगेना. वाण लुटले होते त्यांनीच, पण आणले होते सुनेने. "आई, यंदा प्लॅस्टिकचे डबे नकोत," असे म्हणून गंधालीने सोनेरी पाकिटे पुढे केली आणि कुंदाताईंनी ती न उघडता चौतीस जणींच्या हाती ठेवली. घरच्या वाणात डोकावून पाहणे त्यांना हलकेपणाचे वाटे.

मालनने हात धुऊन कमरेच्या बटव्यातून पाकीट काढले. आत एक कार्ड होते. त्यावर क्यूआर कोड, आणि खाली ठळक ओळ: 'तुमच्या पहिल्या क्रिप्टो गुंतवणुकीसाठी शंभर रुपयांची भेट.' सगळ्यांत खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, गंधालीचे नाव आणि एक क्रमांक. एकतीस वर्षे विमा कंपनीच्या दावे विभागात काढलेल्या बाईला बारीक अक्षरे आधी दिसतात.

"गंधाली, बाहेर ये."

गंधाली लॅपटॉप मिटून आली. कार्ड पाहून तिने हसून घेतले. "गुंतवणूक आहे ती, आई. बायकांनी जन्मभर सोनं आणि आरडी एवढंच करायचं का?"

"शेतात पैसा घातला तर धान्य येतं. दुकानात घातला तर माल विकला जातो. ह्या नाण्यातून काय येतं?"

"किंमत वाढते. नाणी मोजकीच आहेत ना."

"मोजकी तर आपल्या गच्चीवरची पालीची अंडीही आहेत. कोण विकत घेतं?"

"मग सोनं तरी काय पिकवतं, आई? तेही पुढे घेणारा मिळतो म्हणूनच."

"सोनं मी चाळीस वर्षं अंगावर मिरवलं. तू तुझं नाणं मिरवून दाखव."

"आणि ब्लॉकचेन? एकेका व्यवहाराची नोंद हजारो ठिकाणी असते. कुणाच्या बापाला खोडता येत नाही."

"वही चोख असेल, मी नाही म्हणत नाही. पण चोख वहीत लिहिलं म्हणून लबाड माणूस चोख होतो का? आमच्याकडे खोट्या दाव्यांची कागदपत्रं खऱ्यांहून नेहमी नीटनेटकी असत."

गंधालीचा चेहरा लाल झाला. "आणि तुमच्या त्या सहकारी बँकेने चार वर्षं तुमचीच ठेव अडकवली, तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

घाव वर्मी बसला. कुंदाताई म्हणाल्या, "अडकली खरी. पण ती बँक मी कुणाच्या ओटीत घातली नव्हती. आता एक सांग. एकेका बाईमागे तुला काय मिळतं?"

"त्या टाकतील त्याचे पाच टक्के. पण त्यात त्यांचं काही जात नाही, आई! आणि मी माझा अख्खा बोनस घातलाय त्यात. खात्री आहे म्हणूनच दिलं."

कुंदाताईंना शिसारी आली. काल ज्या बोटांनी त्यांनी चौतीस कपाळांना कुंकू लावले, ती बोटे त्यांनी नकळत पदराला पुसली.

"खात्री असलेलं माणूस बारीक अक्षरांत लपत नाही. कुंकू मी लावलं, तीळगूळ मी दिला आणि दलाली तू खाल्लीस. दारात आलेल्या बायका तुला गिऱ्हाइकं दिसल्या? शी!" मग त्या मालनकडे वळल्या. "ते कार्ड इकडे दे. बँकेत जाऊ नकोस."

मालनने कार्ड उराशी धरले. "वाण परत?" तिचा आवाज बदलला. "सगळ्यांकडून घेणार, की एकट्या माझ्याकडून?"

प्रश्न रास्त होता. कामवालीच्या हातचे काढून घ्यायला कुणालाच लाज वाटत नाही, हे कुंदाताई पुरते जाणून होत्या.

"सगळ्यांकडून," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत थांबशील?"

"थांबते."

दिलेले वाण परत मागायला निघालेली बाई त्यांच्या माहेरी नि सासरी कुणी पाहिली नव्हती. पायांत चपला सरकवून कुंदाताई निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर एकीने कार्ड देता देता हळूच त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिसऱ्यावर एकीने विचारले, "गेल्या वर्षीचा डबा पण हवा का? त्यात लोणचं आहे, धुऊन देते." कुंदाताईंनी तोही घोट गिळला. प्रत्येक दारात त्या एकच वाक्य म्हणत होत्या: "चूक माझ्या घरची आहे."

चौथ्या मजल्यावर सुगंधाने त्यांना आतसुद्धा घेतले नाही. "अहो, मी कालच पन्नास हजार टाकले. आज बावन्न झालेत! कशाला परत देऊ?"

"वरचे दोन हजार कुणी दिले तुला?"

"मला काय करायचंय? कुणीतरी दिले असतील."

"तुझ्यामागून आलेल्या कुणीतरी."

"मग येऊ देत की!" सुगंधा हसली आणि तिने दार लोटले.

त्या बंद दाराची कुंदाताईंना जेवढी किळस आली, तेवढी त्या कार्डाचीही आली नव्हती. जिने उतरताना एक विचार मात्र मनाला चाटून गेला: सुगंधाचे वाढले, हे मालनला कशाला सांगायचे? दुसऱ्याच पायरीवर त्यांनी तो झटकला. तसे लपवले तर सासू आणि सून यांत फरक तो काय राहिला?

मालन ओट्यापाशी उभी होती. कणीक झाकून ठेवली होती. आतल्या खोलीच्या दारात गंधाली रडून लाल झालेल्या डोळ्यांनी पाहत होती. तिच्याकडे न पाहता कुंदाताईंनी कार्डांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला.

"सुगंधाने दिलं नाही. तिचे दोन हजार वाढलेत एका रात्रीत. खोटं सांगणार नाही तुला."

मालनने गठ्ठ्याकडे पाहिले. "तिचे बुडाले तर?"

"तिच्याकडे आणखी आहेत."

मालनने बटवा सोडला. कार्ड काढले, पण कुंदाताईंच्या पुढे आलेल्या हातावर ठेवले नाही. वांग्यांची देठे पडली होती तिथे ओट्यावर टाकले.

"हातात नाही देणार, ताई. वाण हातात परत देत नाहीत." तिने पोळपाट ओढला. "आणि पुढच्या संक्रांतीला मला बोलावू नका. देऊन परत मागतात, त्या घरी मी नाही बसायची."

मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी, तसे कुंदाताईंनी ते कार्ड दोन बोटांनी उचलले.