रॉइसची रायफल

ऑर्लिन ट्वेटला एका मेलेल्या माणसाचा मत्सर वाटायचा. हे तो कुणाजवळ बोलला नसता. पण आमच्या खोऱ्यात माणसं थोडी आणि हिवाळा लांब, त्यामुळे न बोललेलंही सगळ्यांना कळतं.

साठीला टेकल्यावर त्यानं मर्नाशी लग्न केलं आणि आपली कुत्री, दोन खोगिरं आणि बापाची जुनी रायफल घेऊन तिच्या घरी राहायला आला. मर्नाचा पहिला नवरा रॉइस हृदय बंद पडून गेला होता. त्याचे बूट, टोप्या, कोट तिनं कधीच वाटून टाकले होते. एकच वस्तू ठेवली होती. बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, चापाजवळची लिव्हर ओढून गोळी चढवायची रायफल.

मोंटाना राज्याच्या शंभरीला काढलेल्या रायफलींपैकी ती एक. पितळी झाकेच्या पत्र्यावर मोठ्या शिंगांचं एल्क हरीण कोरलेलं, दस्ता अक्रोडाचा, आरशासारखा. तिच्यातून एकही गोळी कधी सुटली नव्हती. कारखान्यातून निघताना लिव्हरला बांधलेली प्लास्टिकची पट्टीसुद्धा तशीच होती. पट्टी शाबूत म्हणजे लिव्हर कधी ओढलेलीच नाही. संग्रह करणारे जीव टाकतात ते त्या पट्टीवरच.

दर रविवारी चर्चहून आल्यावर मर्ना ती बाहेर काढायची, मांडीवर आडवी घ्यायची, तेलाचं फडकं फिरवायची. मग फडकं बाजूला ठेवून नुसताच हात फिरवायची, दस्त्यावरून, नळीवरून, सावकाश. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते ऑर्लिनच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या दारात कॉफी घेऊन उभा राहायचा आणि कॉफी हातातच निवून जायची.

शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. गावातल्या खानावळीत लाइल बोएर त्याच्या समोर येऊन बसला. लाइल म्हणजे रॉइसचा जिवलग दोस्त.

"काय रे, रॉइसची रायफल नीट आहे ना?"

"रायफल माझ्या घरात आहे," ऑर्लिन म्हणाला.

"घर मर्नाचं, रायफल रॉइसची. तुझं काय त्यात? कुत्री?"

शेजारच्या टेबलावरचेही हसले.

"बंदूक झाडायला असते, लाइल. नुसती पुजायची असती तर नळीला भोक कशाला पाडलं असतं?"

"एक गोळी झाड, निम्मी किंमत गेली. रॉइसला ते कळत होतं. मोठ्या मनाचा माणूस होता. हातात असून हात आवरायचा."

ताटातली अंडी अर्धी तशीच सोडून ऑर्लिन उठला. घरी पोचेपर्यंत ते 'मोठ्या मनाचा' त्याच्या डोक्यात घण घालत होतं.

"यंदा एल्कच्या शिकारीला मी ती नेतो म्हणतो," बूट काढता काढता तो मर्नाला म्हणाला.

"कुठली?"

"ती."

"नाही."

विचार करायलासुद्धा ती थांबली नाही. त्याला तेच झोंबलं.

"रॉइसनं मागितली असती तर?"

"ऑर्लिन, खुळ्यासारखं बोलू नकोस," असं म्हणून ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

पुढे बरेच दिवस दोघं मीठ दे, दार लाव, एवढंच बोलत होते. मग एका सकाळी मर्ना दातांच्या डॉक्टरकडे जायला निघाली. तिची गाडी वळणाआड गेली तसं ऑर्लिननं कपाट उघडलं. रायफल घोंगडीत गुंडाळली, खिशात बापाच्या रायफलीची काडतुसं टाकली, दोन्हींचं माप एकच होतं, आणि ओढ्याकाठी गेला.

तिथं खडकावर बसून त्यानं चाकू उघडला. एक पट्टी कापली की रॉइस संपला, असं त्याला वाटत होतं. त्यानं रायफल खांद्याला लावून पाहिली. ती त्याच्यासाठीच घडवल्यासारखी बसली. त्यामुळे त्याचा राग आणखीच वाढला. त्या माणसाची निवडसुद्धा चांगली होती! पातं पट्टीखाली सारलं, पण हात पुढे जाईना.

मागे गाडीचं दार वाजलं. मर्ना पाकीट विसरली म्हणून परतली होती, आणि तिला कपाट उघडं दिसलं होतं, बाहेर ओढ्याकडे गेलेली पावलंही.

"मी कापली नाही अजून," तो घाईनं म्हणाला.

"दिसतंय. थांबलास कशाला?"

"तू रडशील म्हणून."

"मी? ह्या लाकडासाठी?" ती त्याच्याशेजारी खडकावर बसली. "अरे, माझी सवत होती ही! त्यानं मला एकदासुद्धा हात लावू दिला नाही. स्वतः पांढरे हातमोजे घालून पुसायचा. तुझ्या हाताला घाम येतो म्हणायचा. माझा वाढदिवस विसरायचा, पण हिला तेल द्यायचा दिवस नाही चुकला कधी. तो गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर उघड्या हातांनी हिला चाचपलं. तेव्हापासून दर रविवारी चाचपते. बोटांचे ठसे उमटवते, मजा वाटते मला."

ऑर्लिननं पातं पट्टीखालून काढून घेतलं. "मग मला 'नाही' का म्हणालीस?"

"कारण पहिला बार मला काढायचाय. त्याला जपायची होती, तुला झाडायची होती. मला कुणी विचारलं?"

"इतकी वर्षं का नाही काढलास मग?"

"भीती वाटायची." ती जरा ओशाळली. "लाइल येऊन किंमत सांगून जायचा, आणि मला वाटायचं, रॉइसला कळेल."

ऑर्लिननं रायफल पुन्हा घोंगडीवर ठेवली. "पण खरंच, मर्ना, किंमत तर जाईलच..."

"आता तू लाइल झालास का?"

तिनं त्याच्या हातातला चाकू घेतला आणि पट्टी कापली. काडतुसं भरली, लिव्हर खाली ओढून वर घेतली. नवी कोरी, जड चालली. पलीकडच्या काठावरच्या पांढऱ्या दगडावर तिनं नेम धरला आणि चाप ओढला. गोळी चिखलात गेली. दस्त्याचा दणका खांद्याला बसला तशी ती मोठ्यांदा हसली. दुसऱ्या गोळीनं दगडाचा टवका उडाला.

ते हसू ऑर्लिन बघत राहिला. ते रॉइससाठी नव्हतं, हे आता त्याला कळलं होतं. पण ते त्याच्यासाठीही नव्हतं.

"घे, तू झाड," ती म्हणाली. त्यानं झाडली, आणि नेम चुकला.

लाइलला कळल्यावर तो गाडी घेऊन आला. कापलेली पट्टी आणि पत्र्यावरचा नवा ओरखडा पाहून त्यानं प्रेतापुढे काढावी तशी टोपी काढली.

"काय केलंत हे!"

"बार काढले," मर्ना म्हणाली. "बस, केक घे. सफरचंदाचा आहे."

तो बसला नाही.

नोव्हेंबरात मर्नानं त्याच रायफलीनं कड्याखाली एल्कची मादी पाडली. दिवसभर दोघं सोलत, तुकडे करत होते. दुपारी तिथंच शेकोटीवर त्यांनी काळीज कांद्यावर परतून खाल्लं.

"तुझं त्याच्यावर प्रेम होतं?" ऑर्लिननं विचारलं.

"होतं की. उगाच का एवढा राग येईल?"

तेवढ्या रागाचाही ऑर्लिनला हेवा वाटला. पण ऊन कलत होतं, मांस खाली न्यायचं होतं, आणि त्यातला जड भाग त्यालाच उचलायचा होता. त्यानं बाह्या सावरल्या आणि एल्कचा मागचा पाय खांद्यावर घेतला.