चेहरे दिसणारा टीव्ही

दुकानाच्या चकचकीत फरशीवर रुपाली मांडी घालून बसली. टीव्हीच्या समोर नाही, बरीच डावीकडे, वॉशिंग मशिनांच्या रांगेला पाठ टेकून. तिथून तिने मान वळवली आणि भिंतीवरच्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघू लागली.

"अगं, खुर्ची आहे ना," बाजूने तिचा नवरा सुहास म्हणाला. तिने वळून पाहिलं नाही. तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिचे डोळे त्याच्या ओठांवर गेले. "ऊठ. लोक बघतायत."

"बघू दे," रुपाली म्हणाली. "घरी ओट्यापाशी बसून मला एवढाच तिरका दिसणार आहे. सरका बाजूला."

तिचा आवाज जरा मोठाच निघाला. फ्रिजपाशी उभं असलेलं जोडपं वळून बघू लागलं. सुहासने त्यांच्याकडे पाहून कसंनुसं हसून घेतलं.

कुसगावच्या शाळेत दुसरीत असताना रुपालीला मोठा ताप आला आणि त्या तापात तिचे दोन्ही कान गेले. बोलणं तोवर जिभेवर बसलेलं होतं, ते राहिलं. बाकीचं सगळं ती माणसांच्या ओठांवरून उचलायला शिकली. लग्न होऊन टाकव्याला आली तेव्हा सासरी एक जुना टीव्ही होता. त्यात माणसांची तोंडं म्हणजे नुसते गुलाबी ठिपके, आणि खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं एकमेकांत मिसळलेली. घरातले हसले की ती हसायची. यंदा हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करून लावलेली भिशी तिला लागली, आणि नवा टीव्ही घ्यायचा हे तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. तिने विचारलं नाही. सांगितलं.

सुहासचं म्हणणं वेगळं होतं. तो पर्यटकांना भुशी धरणावर आणि तिथून वरच्या पॉइंटांवर फिरवायचा. त्याच्या गाडीत स्पीकर होते तसा टीव्हीतही दणका हवा, असं त्याने येतानाच ठरवलं होतं.

"सर, हा ऐका," दुकानातला प्रितम त्याला म्हणाला आणि मधल्या टीव्हीचा आवाज चढवला. "वेगळा साऊंडबार घ्यायची गरजच नाही."

रुपाली उठली आणि शेजारच्या बंद टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली. काळ्या काचेत मागची दोघं स्वच्छ दिसत होती. सुहास प्रितमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "हाच द्या बांधून. हिला काय, चित्रं हलली म्हणजे झालं."

ती वळली.

"चित्रं हलली म्हणजे झालं नाही," ती म्हणाली.

सुहासचा हात प्रितमच्या खांद्यावरून खाली आला.

"तुम्ही आवाज निवडा. गाडीत बसून ऐका," रुपाली म्हणाली. मग प्रितमकडे वळली. "भाऊ, मला समजावून सांगा. माझ्याकडे बघून. हे फोर-के म्हणजे नक्की काय?"

प्रितम गडबडला. इतका वेळ तो तिच्या डोक्यावरून सुहासशी बोलत होता. तो तिच्यासमोर आला आणि एकेक शब्द ताणून, तोंड वेडंवाकडं करून बोलायला लागला.

"तसं नको. नेहमीसारखं बोला. फक्त मान फिरवू नका."

"म्हणजे ताई, चित्र बारीक बारीक टिपक्यांचं बनलेलं असतं," तो आता नीट बोलू लागला. "याच्यात टिपके जास्त. म्हणून जवळ बसलं तरी फुटत नाही. पण एक सांगतो, साधे चॅनल एवढे बारीक येत नाहीत. तिथे टीव्ही आपल्या मनाने चित्र भरून काढतो. कुठला चांगलं भरतो, कुठला नाही."

"मग ते पोपट कशाला दाखवता?"

सगळ्या भिंतीवर एकच चित्रफीत चालू होती. कुठल्याशा परदेशी जंगलातले पोपट, निळं पाणी, मधाचे थेंब. प्रत्येक टीव्हीवर ते सारखेच सुंदर दिसत होते.

"डेमो आहे तो."

"माझ्या घरी पोपट येणार नाहीत. बातम्या लावा. बोलणारं माणूस पाहिजे मला. तिन्हींवर एकच."

त्यासाठी सेट-टॉप बॉक्सच्या वायरी बदलायला लागणार होत्या. प्रितमने मालकाच्या टेबलाकडे पाहिलं, मग रुपालीकडे, आणि स्टूल ओढून वर चढला. तिन्ही पडद्यांवर एकच निवेदिका आली. सुहासला हवा होता त्या टीव्हीत तिचा चेहरा नारिंगी दिसत होता. ओठांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या, आणि आत दात नि जीभ मिळून एकच पांढरा डाग. रुपालीने थोडा वेळ बघितलं आणि नकारार्थी हात हलवला. दुसरा समोरून बरा होता. पण ती पुन्हा फरशीवर जाऊन बसली तेव्हा तिथून तो धुरकट दिसला. तिसऱ्यात रंगांचा झगमगाट नव्हता. तिरकं पाहिलं तरी निवेदिकेचा खालचा ओठ दातांना टेकलेला दिसत होता. ती 'विभाग' म्हणाली. मग 'हवामान'.

रुपालीचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले.

"त्याचा आवाज अगदीच साधा आहे," सुहास म्हणाला. "घरात बाकीची माणसं आहेत. सगळ्यांनी मुक्याने बघायचं का?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून आबा उठले. धोंडिबा आबा म्हणजे रुपालीचे सासरे. सकाळी टाकव्याहून निघताना ते कुणाला काही न बोलता गाडीत येऊन बसले होते, आणि दुकानात आल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. गेली दोन वर्षं ते असेच झाले होते. सोसायटीच्या मीटिंगला जात नसत, बातम्या लागल्या की उठून गोठ्यात जात. म्हातारपणी माणूस तिरसट होतो, असं घरात सगळ्यांनी धरून घेतलं होतं.

आबांनी तिसऱ्या टीव्हीपाशी जाऊन त्याच्या कडेवर पंजा ठेवला.

"ह्योच घ्यायचा."

"आबा, आवाज तरी ऐकलात का याचा?" सुहासने विचारलं.

आबा पडद्याकडेच बघत होते. "त्वांडं चांगली दिसत्यात," ते म्हणाले.

तिसरा टीव्ही टाकव्याला आला.

दोन दिवसांनी दुपारी रुपाली ओट्यापाशी बसून शेंगा सोलत होती. शिवारात इंद्रायणी भात कापून पडलेलं होतं आणि आभाळ सकाळपासून भरलेलं. बातम्या चालू होत्या. आतल्या खोलीत सुहास झोपला होता, पहाटे मुंबईचं भाडं सोडून आलेला, म्हणून तिने आवाज पूर्ण बंद ठेवला होता. आबा अंगणातून आले आणि उंबऱ्याच्या आत टेकले.

"काय म्हनती ती पावसाचं?" त्यांनी विचारलं.

रुपालीला आपला आवाज किती मोठा निघतो ते कधीच कळत नसे, आणि सुहास जागा झाला की त्यावरून कटकट व्हायची. म्हणून तिने नुसतेच ओठ हलवले. 'उद्या संध्याकाळपर्यंत ढगच. पाऊस परवा.'

"मंग उद्याच झोडून घिऊ," आबा म्हणाले.

तिचा शेंगेवरचा अंगठा थांबला.

तिने तळहात गळ्यावर ठेवला. आवाज फुटला की तिथे थरथर लागते, तेवढीच तिला तिच्या आवाजाची ओळख. हात तसाच ठेवून तिने पुन्हा ओठ हलवले. 'चहा टाकू का?'

हाताखाली काहीच थरथरलं नाही.

"अर्धा कप," आबा म्हणाले. मग त्यांनी तिच्या गळ्यावरचा हात पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

टीव्हीवर नकाशा आला आणि गेला.

"कधीपासून?" तिने विचारलं. ओठांनीच.

आबांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. तिकडे बघून बोलले असते तर तिला कळलं नसतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते पुन्हा वळले.

"ऐकू येतं थोडं. पर काय म्हनत्यात त्ये उमगत न्हाई. नुसता गलका." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू कसं बघतीस, तसं बघाय लागलो. तुझंच बघून शिकलो. जमतंय थोडंफार. न्हाई जमलं की मान हलवायची, म्हंजी समोरचा गप बसतो."

"घरात का नाही सांगितलं?"

"बहिरं म्हातारं म्हनत्याल. मंग कुनी काय इचारत न्हाई. तुला तर म्हाईत हाय."

माहीत होतं. लग्नाच्या बैठकीत तिच्यासमोर तिच्या बापाला विचारलं होतं, पोरगी स्वयंपाक करते का. तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"मला कुणी विचारत नाही," ती म्हणाली, आणि या वेळी तळहाताखाली गळा चांगलाच थरथरला. "म्हणून मी न विचारताच बोलते."

आतल्या खोलीतून सुहास काहीतरी ओरडला असणार. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भात झोडून झालं. संध्याकाळी केरबा आला. तो आबांचा चुलतभाऊ, शेजारीच राहायचा. गावामागचं खळं दोघांचं सामाईक होतं. नवा टीव्ही बघायला म्हणून आला, पण त्याची नजर टीव्हीवर फारशी ठरली नाही. सुहासने त्याला खुर्ची दिली, क्रिकेट लावलं आणि आवाज चढवला.

केरबा आबांच्या बाजूला बसून, पडद्याकडे बघतच बोलत होता. रुपाली ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिथून तिला त्याचं अर्धं तोंड दिसत होतं. 'खळं' दिसलं. 'तंबू' दिसलं. 'उद्या येत्यात'. हळूहळू तिने जोडत आणलं. हायवेपलीकडचा कुणी माणूस पर्यटकांसाठी तंबू लावायला जागा शोधत होता. खळ्याची जागा सपाट, मागे डोंगर, त्याला पसंत पडली होती.

सुहास खूश दिसत होता. "चांगलंच आहे की. मीच गाडीने माणसं आणत जाईन."

केरबाने आबांच्या मांडीवर थाप मारली. "तू तर मागंच हो म्हनलास. मंग उद्या यू दे त्यास्नी?"

आबा पडद्याकडे बघत होते. मांडीवर थाप पडल्यावर त्यांनी केरबाकडे पाहिलं आणि त्यांची मान हलायला लागली.

रुपालीने पिठाचा हात तसाच उचलून त्यांना खूण केली आणि सांगायला तोंड उघडलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मान मध्येच थांबली. त्यांनी तळवा पुढे करून तिला गप्प केलं.

"केरबा," ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."

"आवाज बारीक करू का?" सुहास रिमोट शोधू लागला.

"टीव्हीचं न्हाई म्हनत मी. मानसांचं म्हनतोय. दोन सालं झाली." आबांचा आवाज घरभर घुमला असावा, कारण सुहासचा हात हवेतच राहिला. "तू काय इचारलंस मला म्हाईत न्हाई. मागं इचारलंस तवाबी म्हाईत नव्हतं. मी हो म्हनलो न्हाई, मान हलवली. खुर्ची घे आन् म्होरं यिऊन बस."

केरबाने एकदा सुहासकडे पाहिलं. सुहास बापाकडे असा बघत होता, जणू कुणी परका माणूस येऊन त्या जागी बसला होता.

"आबा, तुम्ही कधी बोलला नाहीत," तो म्हणाला. ते आबांना दिसलं नाही. रुपालीला दिसलं.

केरबा उठला. त्याने खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून आबांच्या पुढ्यात मांडली. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मग त्याने जोरात ओरडायला सुरुवात केली.

"वरडू नगं," आबा म्हणाले. "नीट बोल. पैल्यापासनं."

केरबाने पहिल्यापासून सांगायला घेतलं. तंबूवाला कोण, जागा किती दिवस लागणार, पुढच्या सालापासून भात कुठे झोडायचं, ते बघू म्हणे नंतर. त्याच्यामागे मोठ्या पडद्यावर खेळाडू धावत होते आणि त्यांच्याकडे घरातलं कुणीच बघत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी रुपाली वळली नाही.

आबा केरबाच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्याचं बोलणं संपलं.

"आता कळलं," ते म्हणाले. "न्हाई. मला पटत न्हाई."