ओल्या लाकडावर तेल

मोरेश्वर पेडणेकरांनी ओल्या पायऱ्यांना तेल चोपडलं, म्हणून रविवारी सकाळी त्या पायऱ्यांनी मुलीला बघायला आलेले पाहुणे घोट्यापर्यंत आत घेतले.

रस्त्यावरून घरात यायला फणसाच्या लाकडाच्या त्या पायऱ्याच. दुसरी वाट नाही. पावसाळा सरला की शेवाळ काथ्याने घासून काढायचं, लाकडाला दोन दिवस कडक ऊन द्यायचं आणि मगच काजूच्या टरफलांचं तेल लावायचं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोरेश्वरांनी शनिवारी दुपारी पायऱ्या घासल्या आणि दिवेलागणीला तेल लावून मोकळे झाले. पाहुण्यांपुढे त्या चकाकायला हव्या होत्या.

चकाकत होत्या.

"या ना, वर या," ते दारातून म्हणाले.

"इथे वारा छान आहे," मुलाची आई, तेंडोलकरवहिनी, म्हणाल्या. लाकूड त्यांच्या पोटऱ्यांभोवती मिटलं होतं.

"फणस ना?" मुलाच्या वडिलांनी फळीवर टिचकी मारली. "चिकटच जात. धरलं की सोडायचं नाव नाही." ते एकटेच हसले आणि कमरेपर्यंत गेले.

मुलगा, शार्दूल, खालच्या पायरीवर. त्याच्या शर्टाचं शेवटचं बटण दिसेनासं झालं. त्याने गळ्याचं लावून घेतलं.

मोरेश्वरांचे कान तापले. ओलं होतं, एवढंच म्हणायचं. मग पहार आणता येईल, फळ्या उचकटता येतील.

"पोहे घ्या," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोने, रोहिणीने, वाकून बश्या दिल्या. "अहो," ती कुजबुजली, "ऊन किती दिलंत?"

"दोन दिवस."

"अहो, पण काल तर..."

"दोन म्हटलं ना!"

पाहुणे छातीपर्यंत. बश्या त्यांनी अदबीने उंच धरल्या होत्या.

"मुलीला बोलवा आता," वहिनी म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही, पण..." त्यांनी हनुवटी वर केली.

वृंदा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यावर आली. तिने खाली तीन डोक्यांकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबा, पायऱ्या वाळल्यात ना?"

तिन्ही डोकी मोरेश्वरांकडे वळली. शार्दूलने घास चावायचा थांबवला.

"केव्हाच्या," मोरेश्वर म्हणाले.

तिने मान डोलावली आणि पाऊल टाकलं. ती सरळ, संथ लाकडात खाली गेली. ट्रेमधला चहा जरासुद्धा हिंदकळला नाही.