द्राव्हेलिंक आडनावाची माणसं

डॉक्टर आतिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मुलीच्या वडिलांकडचं कोण आहे?"

"कोणीच नाही," बेनिटा म्हणाली. "नवरा चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. त्याला ना भाऊ, ना बहीण. आईवडील आमच्या लग्नाआधीच वारलेले."

"चुलत कोणी? लांबचे काका, आत्या?"

बेनिटाने नुसती मान हलवली. रूलोफ कधी नातेवाइकांचं नाव काढत नसे. बहारीनला तो हिद्दच्या किनाऱ्यावर समुद्रातला गाळ उपसणाऱ्या बोटीवर इंजिनियर म्हणून आला, हॉटेलच्या रिसेप्शनवर उभ्या असलेल्या वसईच्या या मुलीच्या प्रेमात पडला आणि इथलाच होऊन गेला. मागे वळून बघावं असं तिकडे काही उरलंच नव्हतं त्याचं.

त्यांची एकुलती एक मुलगी तान्या, सोळा वर्षांची. ईसा टाउनच्या शाळेत अकरावीला होती. गेल्या वर्षी सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. कुठे आपटली असेल म्हणून बेनिटाने आधी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. तपासण्या झाल्या आणि कळलं, पोरीच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलंय. औषधं दिली ती लागू पडली नाहीत. बोन मॅरो बदलणं हा एकच उपाय राहिला. पण बाहेरचं रक्त इतक्या वेळा चढवलं होतं की तान्याच्या शरीराने आईच्या पेशींशीच वैर धरलं. आईचा मॅरो चालणार नव्हता. बेनिटाचा भाऊ ओस्विन मुंबईत तपासून आला, त्याचाही जुळला नाही. जगभरच्या दात्यांच्या यादीत शोधलं. अर्धी वसईची, अर्धी हॉलंडची मुलगी, तिच्या जोडीचं तिथे कोणी सापडेना.

"रक्ताचं कोणी मिळालं तर बघा," डॉक्टर म्हणाल्या. "लांबच्या नात्यात आशा कमी असते, हे तुमच्यापासून लपवत नाही मी. पण अगदीच नसते असंही नाही. इंशाल्ला."

त्या 'इंशाल्ला'ला धरूनच बेनिटा सनद भागातल्या आपल्या फ्लॅटवर परतली.

दुपारी तान्या गुंगीत पडली होती, तेव्हा बेनिटाला रूलोफचं एक बोलणं आठवलं. तान्याच्या वर्गातली पोरं 'द्राव्हेलिंक'चं 'ट्रॅव्हल लिंक' करायची, तिकिटं कितीला देतेस म्हणून छळायची. लहानपणी ती एकदा रडत घरी आली, तेव्हा रूलोफ तिला मांडीवर घेऊन म्हणाला होता, "अगं, हे आडनाव हॉलंडातसुद्धा फार थोड्यांना मिळतं. आख्ख्या देशात एखादी शाळेची बस भरेल इतकीच माणसं असतील आपली."

आपली, असं म्हणाला होता तो. बेनिटाने लॅपटॉप उघडला.

हॉलंडात आडनावांचा मोठा संग्रह आहे, कुठलं नाव देशात कुठे आणि किती जणांचं, ते तिथे सापडतं, हे तिला तासाभरात कळलं. तिने नाव टाइप केलं. देशाचा नकाशा उघडला. सगळा पांढरा. फक्त पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला टेकलेला एक छोटा तुकडा गडद निळा. आकडा होता चाळिसाच्या आतला.

बेनिटा त्या निळ्या तुकड्याकडे बघत राहिली. चाळीस माणसं! वसईला साध्या बारशाला याहून जास्त येतात. इतकं दुर्मीळ नाव, सगळे एकाच मुलखातले, म्हणजे हे एकच घराणं असणार. कुठेतरी एक खापरपणजोबा असणार आणि त्याचीच ही पिलावळ. रूलोफला माहीत नसेल, पण रक्त थोडंच कोणाला विचारून वाहतं?

त्या दिवसापासून हॉटेलची शिफ्ट सुटली की ती त्या माणसांच्या मागे लागायची. फेसबुकवर, कंपन्यांच्या वेबसाइटवर, गावच्या फुटबॉल क्लबच्या फोटोंखाली, जिथे 'द्राव्हेलिंक' दिसेल तिथे ती लिहायची. मी रूलोफची बायको. ही आमची तान्या. तुमच्या घराण्यातली एक मुलगी मरणाच्या दारात आहे. सोबत तान्याचा आजाराआधीचा फोटो, शाळेच्या निळ्या स्कर्टमधला.

"मम्मा, दे डोन्ट इव्हन नो मी," तान्या म्हणाली.

"नाव तर एक आहे ना, बाय."

"सो?"

"सो काय? नाव एक म्हणजे रक्त एक."

तान्याने डोळे मिटून घेतले. तिचे केस आता विरळ झाले होते आणि ओठांच्या कडांना जखमा. बोलायला तिला त्रास व्हायचा, म्हणून ती वाद अर्ध्यावर सोडून द्यायची. पूर्वी शेवटचा शब्द तिचाच असायचा. बेनिटाला तिचं ते गप्प बसणंच जास्त लागायचं.

पहिले काही दिवस कोणाचंच उत्तर आलं नाही. मग एक आलं, आणि मागोमाग आणखी. एक इलेक्ट्रिशियन होता. एक बेकरीवाली बाई. दोघे भाऊ ट्रक चालवणारे. आणि हिल्डा नावाची एक शाळामास्तरीण, तिशीची, तिने तर रूलोफच्या मरणाबद्दल दुःख व्यक्त करून पुढे लिहिलं होतं, "मी उद्याच तपासणी करून घेते. घरातल्या सगळ्यांना सांगते."

बेनिटा हॉटेलच्या स्टाफरूममध्ये फोन छातीशी धरून रडली. सोबतची दीप्ती घाबरून धावत आली. "काय झालं गं? तान्या बरी आहे ना?"

"माणसं सापडली गं दीप्ती! माझ्या पोरीची माणसं सापडली!"

रविवारी ती मनामाच्या चर्चमध्ये गुडघे दुखेपर्यंत बसली. घरी आल्यावर तान्याला एकेकाचे फोटो दाखवले. "ह्या बाईची हनुवटी बघ. तुझ्या डॅडाचीच आहे की नाही?" तान्याने फोन हातात घेतला, बराच वेळ निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "थोडीशी आहे."

त्या 'थोडीशी'वर बेनिटाने पुढचे दोन आठवडे काढले.

तपासण्यांचे निकाल एकेक करून आले. इलेक्ट्रिशियन, नाही. बेकरीवाली, नाही. ट्रकवाले भाऊ एकमेकांशी तंतोतंत जुळले, तान्याशी काडीचंही नाही. हिल्डाही नाही. डॉक्टर आतिकांनी बेनिटाला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं.

"हबीबती, एक सांगू? न जुळणं मी समजू शकते. पण यातल्या एकाचाही तुझ्या मुलीशी कुठलाच धागा दिसत नाही. रस्त्यावरची माणसं आणून तपासली असती, तरी असेच निकाल आले असते."

"असं कसं होईल डॉक्टर? नाव एक आहे."

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी हॉलंडहून आलं.

हिल्डाने आपल्या मोठ्या चुलत्यांना व्हिडिओ कॉलवर आणलं. खेरिट द्राव्हेलिंक, ऐंशी ओलांडलेले, निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर त्यांनी एकच छंद केला होता, आपल्या आडनावाचा शोध. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी ते कोळून प्यालेले. ते डचमध्ये बोलत होते आणि हिल्डा इंग्रजीत सांगत होती. बेनिटा तान्याच्या पलंगाशेजारी बसून ऐकत होती.

"द्राव्हेलिंक हे माणसाचं नाव नाही," म्हातारबाबा म्हणाले. "ते एका शेताचं नाव आहे. फार जुन्या काळी तिथे द्राव्हेल नावाचा कोणीतरी राहिला असावा, तर 'द्राव्हेलच्या लोकांची जागा' ती द्राव्हेलिंक. आमच्या भागात जो ज्या शेतावर राहील, त्याला त्या शेताचं नाव लागायचं. मालक बदलला की नव्या मालकाला तेच. जावई घरी राहायला आला की त्यालाही तेच."

बेनिटाने फोन आणखी जवळ धरला, म्हातारबाबा सांगतच होते.

"मग फ्रेंचांचं राज्य आलं. हुकूम निघाला की प्रत्येकाने कायमचं आडनाव लिहून द्या. त्या वेळी त्या शेतावर तीन कुटुंबं होती. मालक, कूळ आणि गडी. तिघांनी एकच नाव लिहून दिलं. कोणाचा कोणाशी काही संबंध नव्हता. मी आणि हिल्डा मालकाच्या वंशातले. ते ट्रकवाले कुळाच्या."

"आणि रूलोफ?"

म्हातारबाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले. हिल्डाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचं तिनेच सांगितलं.

"गड्याच्या वंशातला. त्या घराला पोरं कमीच झाली. प्रत्येक पिढीत एखादंच जगलं. काका म्हणतात, त्या वंशात रूलोफ शेवटचा होता असं ते समजत होते. तुमचा मेसेज येईपर्यंत त्यांना तान्याबद्दल माहीतच नव्हतं."

म्हणजे चाळीस नव्हते. नकाशावरचा तो निळा तुकडा तिच्या पोरीचा नव्हताच. तान्याच्या घराण्यात आता एकच माणूस होतं, आणि ते समोर पलंगावर नळ्या लावून पडलं होतं.

तान्याने सगळं ऐकलं होतं. कॉल बंद झाल्यावर ती म्हणाली, "मम्मा, नाउ स्टॉप. प्लीज."

"गप राहा."

"आय मीन इट. रोज तू फोन उघडते, रोज तुझा फेस असा होतो. मला नाही बघायचं."

बेनिटा बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिला स्वतःचाच राग आला. आपण वसईच्या. आपल्या गावात प्रत्येक गल्लीत डिमेलो आणि लोपीस. पोर्तुगीज पाद्र्याने बाप्तिस्मा देताना जे नाव तोंडात आलं ते देऊन टाकलं, हे आजीने शंभरदा सांगितलेलं. शेजारचे डिमेलो आपल्या रक्ताचे नाहीत हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि गोऱ्या माणसाचं नाव, ते दुर्मीळ, म्हटल्याबरोबर आपण रक्त शोधत सुटलो. देवाने आपल्याला एवढी साधी अक्कल कशी दिली नाही?

नोव्हेंबरात हवा जरा सुखद झाली. तान्याला खिडकीतून बाहेर बघायला आवडायचं. मग तिच्या फुप्फुसात जंतू शिरले. साधी सर्दी इतरांना होते तसं काहीतरी, पण झगडायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. ओस्विन मिळेल त्या विमानाने आला. आयसीयूच्या दारात डॉक्टर आतिकांनी बेनिटाचे दोन्ही हात हातात घेतले आणि अरबीत काहीतरी म्हणाल्या. त्यातला एक शब्दही तिला कळला नाही आणि सगळं कळलं.

तान्याला बापाशेजारी पुरलं. शाळेतल्या मैत्रिणी बस करून आल्या होत्या. माती देताना बेनिटा रडली नाही. तिला सारखं वाटत होतं, आपण काहीतरी विसरतोय, कोणाला तरी कळवायचं राहिलंय.

ओस्विन पंधरा दिवस राहिला. निघताना म्हणाला, "बेनी, चल आता. इथे कोण आहे तुझं?"

"ती दोघं आहेत."

"अगं, पण जिवंत कोणी?"

त्याला एअरपोर्टला सोडून ती सरळ शिफ्टवर गेली. पाहुण्यांच्या पासपोर्टवरची नावं वाचून त्यांच्याकडे बघून हसायचं हे तिचं काम, ते ती पूर्वीसारखंच करत राहिली. दीप्ती दुपारचा डबा तिच्यापुढे सरकवायची, ती दोन घास खायची आणि झाकण लावायची.

फेब्रुवारीत हिल्डाचा मेसेज आला. फार चाचरत लिहिला होता. तान्यासाठी तपासणी केली तेव्हा तिने दात्यांच्या यादीत आपलं नाव राहू दिलं होतं. आता तिला बोलावणं आलंय. कोणी अनोळखी पेशंट आहे, त्याच्याशी तिचा मॅरो जुळला. कोण, कुठला, ते सांगत नाहीत. तुम्हाला हे सांगणं बरोबर की चूक, मला कळत नाही, तिने लिहिलं होतं. पण तान्या नसती तर मी तिथे गेलेच नसते.

बेनिटाने तो मेसेज उभ्या-उभ्या वाचला आणि तिच्या अंगाची आग झाली. कोण तो? कोणाचा कोण? त्याने काय असं पुण्य केलं होतं, की त्याच्यासाठी परक्या बाईचं रक्त जुळावं? आणि माझ्या पोरीसाठी, तिचं नाव लावणाऱ्यांपैकी एकाचंही जुळू नये? तिने फोन टेबलावर असा आपटला की काचेला तडा गेला. पलीकडे चेक-इन करणारा पाहुणा दचकला. "सॉरी, सर," ती म्हणाली, आणि त्याच्या खोलीची चावी त्याच्या हातात दिली.

बरेच दिवस तिने उत्तर दिलं नाही. हिल्डानेही पुन्हा विचारलं नाही.

एका शुक्रवारी बेनिटा कब्रस्तानात गेली होती. ऊन चढायला लागलं होतं, तान्याच्या मातीवर दगड अजून बसवला नव्हता, बाजूच्या कबरींवरची प्लास्टिकची फुलं वाऱ्याने इकडे उडून आली होती. ती तिने वेचून जिथली तिथे ठेवली. मग तडा गेलेल्या काचेवर अंगठा फिरवत तिने लिहिलं, "जा. दे."

आणखी काहीतरी लिहावं असं तिला वाटलं. देव तुझं भलं करो, असं काही. पण ते मनातून येईना, आणि खोटं लिहायचं तिला नव्हतं. तिने तेवढंच पाठवलं आणि ऊन फार झालं तरी तिथेच बसून राहिली.