हेमराजच्या तोंडाले कुलूप

हेमराज म्हणजे हिंगणघाटचा चालताबोलता भोंगा. कापसाच्या बाजारात तो लिलावाचा हर्रास पुकारायचा, तेव्हा माइक लागतच नसे. असा माणूस तासभर गप्प बसणार? त्याची बायको अंजू म्हणाली, "बसले तुम्ही! सूर्य पश्चिमेले उगवन!"

पण लेकीची अटच होती ना! सुरभी बारा वर्षांची, तिला जन्मापासून दिसत नाही. आज नालवाडीच्या हॉलमध्ये तिचा गोलबॉलचा सामना होता. या खेळातल्या चेंडूत घुंगरं असतात. त्यांच्या आवाजावर पोरी अंग झोकून चेंडू अडवतात, म्हणून बघणाऱ्यांनी चिडीचूप राहायचं. गेल्या वर्षी ऐन मोक्याला हेमराज गरजला, "धर पोरी!" त्या गर्जनेत घुंगरं बुडाली अन् गोल झाला. सुरभी दोन दिवस धड जेवली नव्हती.

"बाबा, औंदा तोंड उघडशील तं मी खेळणंच सोडून देईन," तिनं बजावलं होतं.

म्हणून हेमराज तोंडात दुपट्ट्याचा बोळा कोंबून बसला होता.

सुरभीचा संघ एका गोलनं पुढे होता. समोरच्या संघाचा शेवटचा चेंडू सुटला. हेमराजला साफ दिसलं, चेंडू डावीकडे येतोय आणि आपली पोर उजवीकडे वळलीय. अरे देवा! शब्द घशाशी आला. त्यानं बोळा कचकन चावला, डोळे गच्च मिटले. छन, छन, छन... धप्प!

डोळे उघडले, तर चेंडू सुरभीच्या पोटाशी! शिट्टी वाजली, हॉल दणाणला. हेमराज मात्र बोळ्यासकट तसाच थिजलेला.

या खेळात सगळ्याच पोरींना बांधावी लागते ती डोळ्यांवरची पट्टी सुरभीनं काढली. कान देऊन ती चारी बाजूंना वळली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, बाबा आलाच नाई का वं?"

अंजूनं नवऱ्याला कोपर हाणलं. "अवो, आता काऊन गप्प? खेळ संपला ना!"

हेमराजनं बोळा उपसून भिरकावला. डोळ्यांतून धारा अन् गळ्यातून हर्रासाचा पुकारा, "एक वार! दोन वार! तीन वार! माही पोरगी जिंकली हो!"

सुरभी आवाजाच्या रोखानं धावत सुटली. कोणाचा हात नाही, चाचपडणं नाही. थेट बापाच्या ढेरीवर येऊन आदळली.

"हळू ना बाबा," ती खिदळत म्हणाली, "कान फुटले माहे!"