दहाच्या डोक्यावरचा चार

मी तिथेच होते, हे कुणाला पटतच नाही. सगळे म्हणतात, आकडा चुकला. आकडा चुकला नव्हता. मी सांगते ना!

मी एक खूण. वेब पानं लिहिणारे मला 'सप' म्हणतात. आकड्याच्या आधी एकदा यायचं, नंतर एकदा यायचं, मधल्याला बारीक करून वर बसवायचं, एवढंच माझं काम. वर बसलेला सगळ्यांना दिसतो. उचलणारीचं तोंड कोण बघतंय!

दूरच्या बेटांवरच्या सुवा शहरात, एका कचेरीत एपारामाने मला पानावर लिहिलं. नासेवू गावच्या खाडीचं पाणी तपासून आलं होतं. लिटरमागे विषारी शेवाळाचे कण: दहा, आणि दहाच्या डोक्यावर बारीक चार. म्हणजे दहा हजार. खाली सूचना: कण दोनशेच्या वर गेले तर शिंपले खाऊ नयेत.

शेजारच्या टेबलावरची मेरेसेइनी म्हणाली, "नुसतं दहा हजार लिही की रे. गावातल्या बाया वाचतात ते."

"शास्त्राचं पान आहे बाई, बाजारातली पाटी नाही!"

नासेवूचे सरदार वारल्यापासून, सुतक म्हणून, शंभर रात्री खाडी बंद होती. बंदी उठते त्या दिवशी बायका शिंपले काढतात, सगळं गाव एकत्र जेवतं. त्याआधी पाणी कसं आहे ते बघायचं काम दवाखान्यातल्या नर्सचं, तोरिकाचं. गावात नेट नाही, टेकडीवर येतं. ती वर गेली. ओहोटी लागली होती, खालून हाकांवर हाका येत होत्या. तिने पानावरचा मजकूर उचलला आणि साध्या संदेशात सगळ्यांना धाडला.

साध्या संदेशात मला जागा नसते. मी वाटेतच गळाले. चार खाली घसरला, दहाला चिकटला. झाले एकशे चार.

खाली तोरिकाची आई वासिती, बायकांची म्होरकी, फोन नाचवत ओरडली, "एकशे चार! दोनशेला लई लांब आहे गं, चला!"

"वासिती आत्या, पाणी जरा तांबूस दिसतंय," एक पोरगी म्हणाली.

"रात्रभर यांगोनाची नशा ढोसलीस, तुझे डोळे तांबूस झालेत. उचल टोपली!"

शिंपले नारळाच्या दुधात शिजले. मान मोठीचा, म्हणून वासितीने आधी वाटीभर खाल्ले. "जीभ झोपली बघा माझी," म्हणून हसली. मग ओठ वळेनात. मग पाय. बाकीच्यांनी हातातले घास टाकले, म्हणून वाचले. तोरिका आईच्या तोंडात श्वास फुंकत राहिली. "आई, घे ना श्वास. ऐक की गं माझं." संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

चौकशीचे साहेब होडीने आले. पान उघडलं. चार वर होता. फोन बघितला. चार खाली.

"मी एक अक्षर बदललं नाही," तोरिका म्हणाली. खरं होतं ते.

"मग चार काय आपल्या पायांनी उतरला?"

मी उतरवला! मी! पण माझं ऐकायला कान कुणाला?

मला अजून रोज लिहितात. माझं आता कशातच मन नाही. एवढंच ऐका: माणसाच्या पोटात जाणारी गोष्ट असेल तर आकडा अक्षरांत लिहा. माझ्या भरवशावर सोडू नका. एका पानावर मी उभी असते, दुसऱ्यावर मरून पडते, आणि मेलेली कळतही नाही.

पंचनाम्यात माझं नाव नाही. एपारामाचंही नाही. तोरिकाने खाली सही केली. कारणीभूत कोण, त्यापुढे एकच नाव आहे: तोरिका नाइवालू.