मुलाच्या दुधाची चरवी

महादेवीच्या घरात मुलाचं दूध तांब्याच्या चरवीत तापायचं आणि मुलीचं मातीच्या गाडग्यात. चरवी तिच्या माहेरची होती. तिची सून महानंदा रोज सकाळी ती चिंचेनं घासायची, आतून लाल निघेपर्यंत. मग गाईचं दूध ओतून ती चुलीशेजारच्या वैलावर ठेवायची. ते संध्याकाळपर्यंत तिथंच कोमट राहायचं.

पूर्णेच्या पेठेत महानंदाच्या नवऱ्याचं, रेवणसिद्धचं, किराणा दुकान होतं. पहिली मुलगी झाली तेव्हा महादेवीनं तिचं नाव कडूबाई ठेवलं. त्यानंतरचे दोन मुलगे दीड वर्षाचे होऊन गेले. दोघांचीही पोटं फुगली, डोळे पिवळे झाले, लघवी हळदीच्या पाण्यासारखी झाली. तिसऱ्याला, लिंगराजला, महादेवीनं तिसऱ्या महिन्यातच आईच्या अंगावरून तोडलं.

"तुझं दूध नासकं हाय," ती म्हणाली. "दोघं त्यानंच गेले."

कल्हईवाला दारात आला तेव्हा लिंगराज वर्षाचा होता. त्यानं चरवी उलटून आत बघितलं.

"अम्मा, दुधाचं भांडं हाय. बिनकल्हईचं कळकते. कथील लावून देतो."

"माझ्या तांब्याला मेलेल्या माणसाचं पांढरं तोंड आणतोस का? चल, नीघ."

निजामी फसली तेराशे पन्नासच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीसच्या, हिवाळ्यात लिंगराजचं पोट वर आलं. तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. परभणीहून आठवड्याला एक डॉक्टर येत असे. त्यानं मुलाच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"यकृत आहे हे. दगडासारखं झालंय. कड सुरीसारखी हाताला लागते. दारू पिऊन म्हातारे झालेल्यांचं असं होतं. तान्ह्या मुलांचं का होतं, ते आम्हाला माहीत नाही."

"औषध?" महानंदानं विचारलं.

"नाही. पचेल ते द्या. दूध द्या."

त्या दिवसापासून महादेवीनं मुलाचं दूध दुप्पट केलं.

महानंदा शाळेत गेलेली नव्हती, पण तिनं एक गोष्ट मनात नीट मांडून बघितली. गाय एक, चूल एक, पाणी एक. कडूबाई सात वर्षांची होऊन अंगणात उड्या मारत होती. फरक फक्त भांड्याचा होता. तिनं ते सासूला सांगितलं.

"आत्याबाई, कडूचं दूध गाडग्यात तापतं. तिला कायबी झालं न्हाई."

"तिला काय होईल? दोन भाऊ खाऊन बसली ती. आन् तू काय म्हणायलीस? माझ्या माहेरच्या चरवीनं नातू खाल्ले?"

"तसं न्हाई..."

"ऐकलंस का रे रेवण्या? तुझी बायको तुझ्या आईला डाकीण म्हणायलीय."

रेवणसिद्ध जेवत होता. "आई सांगती तसं कर," तो ताटातून वर न बघता म्हणाला.

महानंदाचा अंदाज बरोबर होता. तांब्याचा अंश कोमट दुधात उतरतो, दूध तो धरून ठेवतं, आणि कोवळ्या यकृताला तो बाहेर टाकता येत नाही. तो साठत जातो. हे डॉक्टरांना कळायला अजून चाळीस वर्षं लागणार होती. महानंदाला कारण ठाऊक नव्हतं. तिनं फक्त भांडं बदललं. दोन्ही मुलांचं दूध ती गुपचूप गाडग्यात तापवू लागली आणि चरवीतलं गाईच्या गव्हाणीत ओतू लागली.

भांडी घासणाऱ्या तानुबाईनं गव्हाणीत दूध बघितलं.

"काय गं महानंदे, गाय आता स्वतःचंच दूध पियालीय का?" ती मोठ्यानं हसली. ते महादेवीनं ऐकलं.

महादेवी ओरडली नाही. तिनं लिंगराजला मांडीवर आडवं घेतलं, चरवी जवळ ओढली आणि वाटीनं त्याला पाजायला बसली. मुलानं तोंड फिरवलं की ती नाक दाबायची.

"बघ, सटवे. माझा नातू कसा पितो बघ."

त्यानं सगळं ओकून टाकलं. तिनं तोंड पुसलं आणि पुन्हा वाटी भरली. त्या दिवसानंतर महानंदाला मुलाला हात लावू दिला नाही. तिच्या खोलीला बाहेरून कडी असायची. आतून तिला त्याचं रडणं ऐकू यायचं, मग नुसतं कण्हणं. सहाव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली आणि दुपारी तो गेला.

पुरून आल्यावर माणसं ओसरीवर बसली. कडी काढून महानंदाला बाहेर आणलं.

"गाडग्यातलं किती दिवस दिलंस?" रेवणसिद्धनं विचारलं.

"अकरा."

"अकरा दिवसांत मारलंस माझ्या लेकराला," महादेवी म्हणाली.

त्याआधी अकरा महिने तो चरवीतलं प्याला होता, हे सांगायला महानंदानं तोंड उघडलं. एका म्हाताऱ्यानं हात वर केला, आणि ती थांबली. संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना अकराचा आकडा पाठ झाला. रेवणसिद्धचं दुसरं लग्न पालम गावच्या मुलीशी करायचं, हेही ठरलं.

तिसऱ्या दिवशी तानुबाई भांड्यांपाशी बसली होती. महानंदा तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"तानुबाई," तिनं हळूच विचारलं, "गाडग्यातलं अकरा दिवस लय झालं का गं?"